चाक काय सांगते? : दुचाकीच्या टायरचे आणि चाकांचे दुखणे ओळखण्याची घरगुती रीत

सकाळी नऊच्या सुमारास लोअर परळला ना. म. जोशी मार्गावर, म्हणजे जुन्या लोकांच्या डिलाईल रोडवर, उभे राहून पाहावे. दुचाक्यांची रांग संपत नाही. कुणाच्या पाठीवर जेवणाच्या डब्यांची चौकोनी पिशवी, कुणाच्या पुढ्यात एसीचे सामान, कुणाच्या मागे शाळेचे दप्तर सांभाळत बसलेली मुलगी. फिनिक्स, कमला, मथुरादास या गिरण्यांचे भोंगे बंद पडले आणि त्या जागी कचेऱ्या, दुकाने, हॉटेले उभी राहिली. गिरणी चालू होती तेव्हा कामगार जवळच्या चाळीतून पायी यायचा. आता त्याच आवारात काम करणारी आपली मुले कुर्ला, गोवंडी, मुंब्र्याहून येतात आणि त्यांतल्या कित्येकांची रोजी दोन चाकांवर अवलंबून असते. सागरी किनारा मार्गावर दुचाकीला प्रवेश नाही. म्हणजे त्यांच्या वाट्याला येतात ते जुनेच रस्ते, त्यांचे खोदकाम आणि त्यांचे खड्डे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवर होती, म्हणजे दर शंभरात चव्वेचाळीस. हे सारे अपघात टायरमुळे झाले असे नाही. पण रस्ता आपल्या हातात नसतो, समोरचा ट्रकवाला आपल्या हातात नसतो. टायर मात्र आपल्या हातात असतो. दोन्ही टायर मिळून रस्त्याला टेकतात ती जागा जेमतेम दोन तळहातांएवढी. ब्रेक, वळण, तोल हे सगळे तेवढ्याच रबरावर.

चांगली गोष्ट अशी की चाक एकाएकी दगा देत नाही. बहुतेक वेळा ते आधी काहीतरी सांगते : हँडल थरथरते, मागची बाजू डोलते, आवाज येतो, एकाच जागी पंक्चर होते. ते ओळखायला मिस्त्री असण्याची गरज नाही. घरातल्या कुणालाही, अगदी कॉलेजात जाणाऱ्या मुलीलाही, ते जमेल.

पहिला संशय हवेवर

गाडी जड वाटते, वळताना पडेल असे वाटते, पेट्रोल जास्त लागते, हँडल ओढते. यांतली कुठलीही तक्रार असली तरी पहिला संशय हवेवर घ्यावा. पुष्कळ वेळा दुखणे तिथेच असते आणि तिथेच बरे होते. शंभर-सव्वाशे सीसीच्या गाड्यांना साधारण पुढे २५ आणि मागे, एकटे असताना, २८ पौंडांच्या आसपास हवा लागते. मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकात आणखी. पण प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा. तो साखळीच्या कव्हरवर किंवा मागच्या फोर्कवर चिकटवलेल्या कागदावर आणि गाडीसोबत मिळालेल्या पुस्तिकेत असतो. तोच खरा. टायरच्या अंगावर जो आकडा छापलेला असतो तो टायरच्या कमाल ताकदीचा असतो, आपल्या गाडीच्या हवेचा नव्हे. काही पुस्तिकांत हवा किलोमध्ये दिलेली असते. १ किलो म्हणजे सुमारे १४.२ पौंड.

हवा सकाळी, गाडी बाहेर काढण्याआधी किंवा एक-दोन किलोमीटरच्या आतच मोजावी. चाक तापले की हवा फुगते आणि आकडा खोटा वाढतो. अंगठा दाबून किंवा लाथ मारून हवा कळत नाही; वीस पौंड आणि तीस पौंड यांतला फरक अंगठ्याला लागत नाही. छोटे प्रेशर गेज घरात ठेवले तर वर्षानुवर्षे चालते. पेट्रोल पंपावर हवा मोफत भरून मिळते, तो ग्राहकाचा हक्क आहे. नायट्रोजनसाठी वेगळे पैसे मोजलेच पाहिजेत असे नाही. साध्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

एक घरगुती खूण : ट्यूबच्या टायरचा वॉल्व रिममधून सरळ वर यायला हवा. तो तिरका दिसला तर समजावे की हवा कमी राहिल्याने ब्रेक मारताना टायर रिमवर सरकतो आणि ट्यूबला बरोबर ओढून नेतो. असाच चालवत राहिले तर एक दिवस ट्यूब वॉल्वच्या मुळाशी फाटते आणि हवा क्षणात जाते.

रबर वाचावे कसे?

गाडी मेन स्टँडवर लावा, इंजिन बंद करा, गिअर न्यूट्रल ठेवा आणि चाक हाताने सावकाश फिरवत सगळीकडून पाहा. इंजिन चालू ठेवून चाक फिरवताना साखळीजवळ हात नेणे म्हणजे बोटे गमावणे. घरातल्या मुलांना हे आधी सांगावे.

झीज किती, हे पाहायला टायरच्या खाचांत तळाशी छोटे उंचवटे असतात. टायरच्या कडेला बाण किंवा ‘टीडब्ल्यूआय’ ही अक्षरे जिथे असतील, त्या रेषेत ते सापडतात. खाच झिजून या उंचवट्याच्या पातळीला आली की टायरचे आयुष्य संपले. केंद्रीय मोटार वाहन नियमांप्रमाणे दुचाकीच्या टायरची खाच किमान ०.८ मिलिमीटर खोल असली पाहिजे. मोटारीसाठी हीच मर्यादा १.६ मिलिमीटर आहे. पण ०.८ ही कायद्याची शेवटची हद्द झाली. पावसाळ्यात पाणी बाजूला सारायचे काम खाचाच करतात, म्हणून जून उजाडण्याआधीच निर्णय घ्यावा.

झीज कशी, हे त्याहून महत्त्वाचे. तिच्यावरून कारण कळते.

मधोमध पट्टा सपाट झाला असेल तर हवा जास्त ठेवली जाते, किंवा गाडी बहुतेक सरळ रस्त्यावरच चालते. दोन्ही कडा झिजल्या आणि मधला भाग शाबूत असेल तर हवा कमी किंवा ओझे जास्त. एकाच जागी चपटा डाग असेल तर कधीतरी ब्रेक जाम होऊन चाक घसटत गेले आहे. मागच्या पायाच्या ब्रेकवरच भिस्त ठेवणाऱ्यांच्या टायरवर हा डाग हमखास सापडतो. थोड्या थोड्या अंतरावर वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉक अॅब्सॉर्बर थकले आहेत किंवा पुढच्या चाकात कायम हवा कमी राहिली आहे. अशा वेळी नुसता टायर बदलला तर नवाही तसाच खराब होतो. एकाच बाजूला झीज असेल तर चाक तिरके बसले आहे किंवा अपघातात काहीतरी वाकले आहे.

टायरच्या भिंतीवर, म्हणजे बाजूच्या अंगावर, बारीक भेगांचे जाळे दिसले तर टायर म्हातारा झाला आहे. स्टेशनबाहेर दिवसभर उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांचे असे होते. खाचा भरपूर असल्या तरी अशा टायरवर विसंबू नये. आणि भिंतीवर कुठे फुगवटा आला असेल, अगदी लिंबाएवढा, तर आतले धागे तुटले आहेत. याला दुरुस्ती नाही. त्या टायरवर लांब जाऊ नये. गाडी सावकाश जवळच्या दुकानापर्यंत न्यावी, नाहीतर ढकलत न्यावी.

हँडल का थरथरते?

गॅरेजमध्ये रोज कानावर पडतो असा संवाद आहे.

“चाचा, हँडल थरथरतंय. पुढचा टायर बदलू का?”

“थांब बेटा. आधी सांग, केव्हा थरथरतं? ब्रेक मारल्यावर, हळू चालवताना, की पळवून सोडल्यावर?”

या एका प्रश्नात निम्मे निदान आहे. फक्त ब्रेक दाबल्यावरच हादरे येत असतील आणि ब्रेक सोडताच थांबत असतील, तर दोष टायरचा नाही; डिस्क वाकली आहे किंवा ड्रम गोल राहिलेला नाही. अगदी सावकाश चालवतानाही चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला हँडल एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जात असेल, तर रिम वाकली आहे किंवा टायर रिमवर नीट बसलेला नाही. वेग कमी होताना, साधारण पन्नासवरून चाळीसवर येताना थरथर जाणवत असेल, तर पुढच्या टायरची वाकडीतिकडी झीज, कमी हवा किंवा हँडलचा कोनसेट, ज्याला गॅरेजमध्ये बॉल रेसर म्हणतात, तो सैल झाला आहे. पारख करायची म्हणून चालत्या रहदारीत हात सोडून पाहू नये. खालच्या परीक्षा उभ्या गाडीवर होतात.

पहिली परीक्षा : गाडी मेन स्टँडवर घ्या. कुणालातरी मागून दाबायला सांगा म्हणजे पुढचे चाक उचलले जाईल. आता पुढच्या फोर्कचे दोन्ही पाय खालून धरून पुढे-मागे हलवा. कट्कट् जाणवली तर बॉल रेसर सैल आहे. मग हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. मधोमध खाचेत अडकल्यासारखे वाटले तर रेसरला खड्डे पडले आहेत; तो कसून उपयोग नाही, बदलावा लागेल.

दुसरी परीक्षा : हँडल स्थिर धरून चाक दोन समोरासमोरच्या टोकांना धरा आणि आडवे हलवून पाहा. चाक एक्सलवर हलत असेल तर बेअरिंग गेले. मग एक हात फोर्कवर ठेवून चाक फिरवा. चांगले बेअरिंग गुपचूप फिरते. खराब झाले की हाताला खरखर लागते. परळ, हिंदमाता, लोअर परळच्या सखल भागात पाण्यातून गाड्या काढाव्या लागतात. पाणी आणि चिखल सीलमधून आत शिरतो, ग्रीस धुऊन जाते आणि आवाज दोन-तीन महिन्यांनी, पावसाळा सरल्यावर येतो. बेअरिंग काही शे रुपयांचे काम आहे. एक बाजू गेली तरी दोन्ही बाजूंची आणि त्यांची सीलेही एकदम बदलून घ्यावीत. आवाज ऐकूनही टाळले तर हब खराब होते आणि मग खर्च हजारांत जातो.

तिसरी परीक्षा : चमच्याचा दांडा किंवा खडू फोर्कला टेकवून त्याचे टोक रिमच्या कडेजवळ आणा आणि चाक फिरवा. रिम कुठे जवळ येते, कुठे लांब जाते ते दिसेल. बहुतेक कंपन्यांच्या दुरुस्ती-पुस्तिकांत बाजूला आणि वर-खाली मिळून चालणारा हा फरक प्रत्येकी २ मिलिमीटरच्या आत असावा असे दिलेले असते. त्याहून जास्त असेल तर रिम ‘आऊट’ झाली.

तारांचे चाक असेल तर रिमचा आऊट काढता येतो. प्रत्येक तारेवर छोट्या पान्याने हलकेच टिचकी मारा. कसलेली तार टणत्कार करते, सैल तार बद्द वाजते. एक तार सैल झाली की तिचा भार शेजारच्या तारांवर जातो आणि मग एकामागून एक तारा तुटतात. आऊट काढणे हे सबुरीचे काम आहे. इकडे पाव फेरा कसला तर समोर पाव फेरा सैल करावा लागतो. अॅलॉय चाकाला मात्र तारा नसतात. त्याला तडा गेला असेल तर वेल्डिंग करून देणारे भेटतात. त्यांचे ऐकू नये. तो जोड पुढच्या खड्ड्यात सुटला तर सावरायला वेळ मिळत नाही.

मागचे चाक डोलते तेव्हा

हँडल शांत आहे, पण मागची बाजू शेपटीसारखी हलते. इथेही आधी हवा आणि पंक्चर. ते ठीक असेल तर पाहा, ही तक्रार अलीकडे मागचे पंक्चर काढल्यानंतर सुरू झाली का? मागचे चाक काढून पुन्हा बसवताना साखळीचा ताण दोन्ही बाजूंना सारखा ठेवावा लागतो. साखळीच्या अॅडजस्टरवर दोन्हीकडे रेघा असतात. डावीकडे तिसरी रेघ आणि उजवीकडे चौथी असेल तर चाक तिरके बसले आहे. गाडी एका बाजूला ओढते, टायर एका अंगाने झिजतो, साखळी लवकर जाते. सुतळीनेही हे तपासता येते : हँडल सरळ ठेवा, मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंना टेकवून सुतळी पुढच्या टायरपर्यंत ताणा. पुढचा टायर अरुंद असेल तर दोन्हीकडे फट राहील, पण ती सारखी हवी.

त्याच वेळी एक्सलचा नट घट्ट आहे ना आणि मागच्या ब्रेकच्या दांडीच्या नटात पिन पुन्हा घातली आहे ना, हेही पाहावे. घाईत विसरलेली ती छोटी पिन किती महत्त्वाची आहे ते ब्रेक मारताना कळते, आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

चाकही सरळ आणि बेअरिंगही ठीक असूनही डोलणे असेल तर मागच्या फोर्कचे बुश झिजलेले असतात. आणि गिअर टाकताना किंवा अॅक्सिलेटर देताना मागून झटका बसत असेल तर हबमधले रबर गेलेले असते. ही दोन्ही कामे मिस्त्रीची, पण त्याला नेमके काय सांगायचे ते आपल्याला ठाऊक असले की नको ते बिल होत नाही.

पंक्चर पुन्हा पुन्हा का होते?

महिन्यात तीनदा पंक्चर झाले की नशिबाला दोष देतात. दोष बहुधा शोधायचा राहिलेला असतो. पंक्चर काढताना ट्यूबचे भोक कुठल्या बाजूला आहे ते पाहा. बाहेरच्या, म्हणजे रस्त्याकडच्या बाजूला असेल तर खिळा, काच, तार. ट्यूब जोडली पण टायरमध्ये रुतलेला तुकडा तसाच राहिला, तर उद्या तिथेच पुन्हा भोक. म्हणून टायरच्या आतून जुने फडके फिरवावे. तुकडा असेल तिथे ते अडकते. बोट फिरवू नये.

भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमवरची रबरी पट्टी सरकली आहे, किंवा तारेचे टोक वर आले आहे, किंवा गंज ट्यूबला कुरतडतो आहे. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर हवा कमी असताना चाक खड्ड्याच्या कडेवर आपटले आणि ट्यूब रिममध्ये चिमटली. तिसऱ्यांदा ट्यूब जोडण्यापेक्षा हवा नीट ठेवणे हाच त्यावर इलाज.

ट्यूबलेस टायरमध्ये खिळा शिरला तरी हवा हळू जाते, हा मोठा फायदा. खिळा दिसला तर तो रस्त्यात उपटू नये. तसेच सावकाश दुकानापर्यंत जावे. भोक मधल्या पट्ट्यात असेल तर जोडता येते, भिंतीवर असेल तर नाही. खिळा नाही तरी हवा उतरते? साबणाचे पाणी वॉल्ववर आणि रिमच्या कडेला लावा. बुडबुडे येतील तिथे गळती. खड्ड्यात आपटून रिमची कड दबली की ट्यूबलेसची हवा तिथून जाते, आणि माणूस महिनाभर पंक्चर शोधत राहतो.

खड्डे, पूल आणि पाणी

लोअर परळचा डिलाईल पूल जुलै २०१८ मध्ये धोकादायक ठरवून बंद केला गेला, तो पूर्णपणे खुला व्हायला नोव्हेंबर २०२३ उजाडले. पाच वर्षे लोकांनी वळसे घेतले. आता पूल झाला, तरी पुलाचे जोड, रस्त्याच्या मधोमध वर-खाली असलेली झाकणे आणि चर बुजवलेल्या रेघा हे चाकाचे रोजचे शत्रू आहेत. खड्डा टाळता आला नाही तर ब्रेक खड्ड्याच्या आधी मारावा आणि आत जाताना सोडावा. ब्रेक दाबलेले चाक आदळले की पुढचा फोर्क आधीच दबलेला असतो आणि सगळा मार रिमवर येतो. मोठा धक्का बसला असेल तर त्याच दिवशी रिम, टायरची भिंत आणि तारा पाहाव्यात.

साचलेल्या पाण्यात गाडी घालू नये. २९ ऑगस्ट २०१७ च्या पावसात याच भागात, दीपक सिनेमाच्या परिसरात, नामवंत डॉक्टर दीपक अमरापूरकर उघड्या मॅनहोलमध्ये पडून वारले. पायी चालणाऱ्याला जे दिसले नाही ते दुचाकीवाल्याला काय दिसणार? २०१५ साली जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावर पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकी आदळून दादाराव बिल्होरे यांचा सोळा वर्षांचा मुलगा प्रकाश गेला. तेव्हापासून हा बाप शहरातले खड्डे स्वतःच्या हाताने बुजवत आला आहे.

खड्डा दिसला की महापालिकेच्या १९१६ क्रमांकावर कळवावे. लोअर परळसाठी जी-दक्षिण विभाग कार्यालय आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला की खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाला तर वारसांना सहा लाख रुपये आणि जखमीला दुखापतीप्रमाणे ५० हजार ते अडीच लाख रुपये भरपाई द्यावी. म्हणून, अल्लाह न करो, असा प्रसंग आलाच तर जागेचे फोटो, पोलिसांतली नोंद आणि इस्पितळाचे कागद जपून ठेवावेत.

बुरखा, ओढणी आणि मागचे चाक

ही गोष्ट आपल्या घरांत विशेष सांगायला हवी. मागे बसलेल्या बाईचा बुरखा किंवा ओढणी चाकात अथवा साखळीत गुंतली की क्षणात फास बसतो. गळ्याला, मानेला गंभीर इजा होते, जीवही जातो. म्हणूनच केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२३ प्रमाणे प्रत्येक मोटारसायकलला मागच्या चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे संरक्षक कव्हर, धरायला हँडल आणि पाय ठेवायला फूटरेस्ट सक्तीचे आहे. आपली मुले ‘गाडीला शोभत नाही’ म्हणून हेच साडीगार्ड काढून माळ्यावर टाकतात. ते पुन्हा बसवून घ्यावे.

बसण्याआधी बुरख्याचा घेर आवरून मांडीखाली घ्यावा, ओढणीची टोके आत खोचावीत, शक्य असेल तर दोन्हीकडे पाय टाकून बसावे. चालवणाऱ्याने वळून पाहावे, मगच क्लच सोडावा. ‘अम्मी, कपडा आवरला ना?’ हे विचारायला दोन सेकंद लागतात. आणि एक दुचाकी दोघांचीच. अब्बा, अम्मी आणि दोन मुले ईदच्या दिवशी एकाच गाडीवर निघतात, तेव्हा कायदा तर मोडतोच (मोटार वाहन कायद्याचे कलम १२८), शिवाय मागच्या टायरवर तो पेलू शकत नाही एवढा भार येतो आणि चालवणाऱ्याला वळून पाहायलाही जागा राहत नाही.

नवा टायर घेताना

टायरच्या अंगावर चार आकडे एका लंबगोलात असतात. २३२४ म्हणजे २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. सवलतीत मिळणारा टायर किती वर्षे दुकानात पडून होता ते यावरून कळते. ८०/१००-१८ ४७ पी असे लिहिले असेल तर रुंदी ८० मिलिमीटर, उंची रुंदीच्या १०० टक्के, रिम १८ इंच; ४७ म्हणजे तो टायर १७५ किलो भार पेलतो आणि पी म्हणजे ताशी १५० किलोमीटरपर्यंतचा. रुंद टायर रुबाबदार दिसतो म्हणून मापापेक्षा मोठा घालू नये. तो रिमवर चिमटतो, वळताना त्याचा आकार बिघडतो आणि तो साखळीला किंवा फोर्कला घासू शकतो.

झिजलेल्या टायरला गरम हत्याराने पुन्हा खाचा पाडून विकतात. दिसायला नवा, पण आतले धागे उघडे पडायला आलेले. हे कधीही घेऊ नये. टायर बसवल्यावर फिरण्याच्या दिशेचा बाण बरोबर आहे ना आणि रिमच्या कडेलगतची बारीक रेघ सगळीकडे सारख्या अंतरावर दिसते ना, हे पाहूनच पैसे द्यावेत. नव्या रबरावर गुळगुळीत थर असतो, म्हणून पहिले दीडशे किलोमीटर जपून, विशेषतः ओल्या रस्त्यावर.

पंक्चरवाल्याचा इल्म

‘पंक्चरवाला’ हा शब्द आपल्या समाजाला हिणवण्यासाठी वापरला जातो, हे आपल्या मुलांच्या कानावर येतेच. त्यांना सांगावे की हवेचा टायर हे साधे काम नाही. रॉबर्ट थॉमसन या स्कॉटिश अभियंत्याने १८४५ मध्ये त्याचे पेटंट घेतले आणि ते विसरले गेले. १८८८ मध्ये बेलफास्टला जॉन डनलॉप या जनावरांच्या डॉक्टराने आपल्या लहान मुलाच्या तीनचाकीला हवेचा टायर लावला, आणि तिथून जग हवेवर धावू लागले. आज नागपूरजवळ बुटीबोरीला आणि गोव्यात फोंड्याजवळ उसगावला टायरचे मोठे कारखाने आहेत. पण कारखान्यातून बाहेर पडलेला टायर भर पावसात, रात्री अकरा वाजता रस्त्यात बसला तर त्याला उभे करणारा हात फुटपाथवरच्या त्या माणसाचाच असतो. बोट फिरवून रिमचा आऊट ओळखणारा, आवाज ऐकून बेअरिंग सांगणारा हा कारागीर आहे. त्याने आपल्या मुलाला हेच काम आयटीआयमध्ये शिकून, प्रमाणपत्र घेऊन, मापाची हत्यारे वापरून करायला लावले तर या इल्माची किंमत वाढेल. आणि आपण गिऱ्हाइकांनी त्याच्याशी घासाघीस कमी करून प्रश्न जास्त विचारले, तर आपल्याही जिवाची किंमत राखली जाईल.

आठवड्याची दहा मिनिटे

जुम्म्याची सुटी असो की रविवारची, एक दिवस ठरवून घ्यावा. गाडी थंड असताना :

१. गेजने दोन्ही चाकांची हवा. या आठवड्यात मागे कुणी बसणार असेल तर मागच्या चाकात पुस्तिकेप्रमाणे जास्त.
२. चाक फिरवून रबर : खिळा, काच, भेग, फुगवटा, झिजेचे उंचवटे.
३. वॉल्व सरळ, टोपी लावलेली.
४. तारांवर टिचकी, किंवा अॅलॉयवर तडा आहे का.
५. चाक आडवे हलवून बेअरिंग. फोर्क हलवून बॉल रेसर.
६. साखळीच्या रेघा दोन्हीकडे सारख्या, एक्सल नट आणि पिन.
७. साडीगार्ड घट्ट.

घरातल्या मुलाला आणि मुलीला बरोबर उभे करून हे शिकवावे. फुगवटा, तडा, हलणारे चाक यांपैकी काहीही सापडले तर त्या दिवशी गाडी घरी ठेवून लोकल पकडावी. कामावर एक तास उशिरा पोचलेल्या माणसाची घरी संध्याकाळी वाट पाहता येते.